भावोजी, तो बारावा खेळाडू नाही

पार्सिपनी, ४ एप्रिल २००४

ती. भावोजी,

साष्टांग नमस्कार. आठ अंगांपैकी गुडघे सध्या संपावर आहेत, तेव्हा उरलेल्यांवर गोड मानून घ्या.

हातानं लिहिलेलं पत्र पाहून दचकू नका, कोणी गेलेलं नाही. इ-मेल मराठीत लिहिता येत नाही आणि तुमच्याशी इंग्रजीत भांडायचं म्हणजे ऑफिसातच बसल्यासारखं वाटतं. फोन हा मार्ग उरला होता, तो काल तुम्ही आपटलात. माझ्या कानात अजून घुमतोय.

माझ्या कानात, कारण किचनमधल्या दुसऱ्या फोनवर मी होतो. चोरून नव्हे. सुलेखानं "ताईंचा फोन आहे" म्हणून रिसीव्हर माझ्या हातात दिला, आणि पलीकडे ताईऐवजी तुम्ही निघालात. तेव्हा जे झालं ते मी पहिल्यापासून ऐकलंय, आणि तुम्ही ते अर्धंच ऐकलंत.

ईशान म्हणाला, "बाबा, आय'म स्टार्टिंग ॲट शॉर्ट!" पोरगा आनंदात होता. तुम्ही विचारलंत, "बॅटिंगला कितवा जातोस?" तो म्हणाला, "मी बॅट नाही करत. पालुंबो बॅट्स फॉर मी."

"म्हणजे बारावा खेळाडू?" तुम्ही म्हणालात. "फिल्डिंग करायची, पाणी न्यायचं, आणि बॅट धरायची दुसऱ्यानं? ह्यासाठी तुला तिकडे मामाकडे ठेवला?" आणि धाड.

मग त्यानं मला विचारलं, "मामा, व्हॉट्स बारावा खेळाडू?" न्यू जर्सीत जन्मलेल्या, आणि तुम्ही टेक्ससला गेल्यावर शाळा पुरी करायला इथेच राहिलेल्या मुलाला हे कसं ठाऊक असणार? मी सांगितलं, की क्रिकेटमध्ये कोणी लंगडायला लागला की बाहेर बसलेला एक जण आत येतो. तो फिल्डिंग करू शकतो, बॅट धरू शकत नाही. एरवी तो स्वेटर सांभाळतो. ईशाननं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "सो ही थिंक्स आय'म द वॉटरबॉय." मग वर जाऊन त्यानं दार लावून घेतलं. तुमच्यासारखं आपटलं नाही. हा गुण ताईचा.

आता शास्त्रार्थ. इथल्या शाळेच्या बेसबॉलमध्ये असा नियम आहे, की मैदानात उतरणाऱ्या नऊ जणांपैकी कोणाही एकाच्या जागी दुसऱ्यानं बॅटिंग केली तरी चालतं. ही सवलत एकाच खेळाडूपुरती. बहुतेक संघ ती बॉल टाकणाऱ्या पिचरसाठी वापरतात. आमच्या कोच बर्कनी ती ईशानसाठी वापरली आहे, त्याच्या जागी पालुंबो हा संघातला मुलगा बॅट धरतो. त्याचा अर्थ असा, की तुमच्या मुलाची बॅटिंग तुमच्या गाण्यासारखी आहे, निष्ठा भरपूर आणि सूर कुठेच नाही. आणि त्याची फिल्डिंग इतकी चांगली आहे, की कोचनी आपल्याजवळची एकुलती एक सवलत त्याच्यावर खर्च केली. याला मान म्हणतात, भावोजी. तुम्ही तो अपमान म्हणून घेतलात.

बेस म्हणजे रन काढताना बॅटरनं ओळीनं गाठायचे टप्पे. शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा. उजव्या हाताच्या बॅटरचे जोरातले फटके तिकडेच जातात. तिथून बॉल उचलून पार पलीकडच्या पहिल्या बेसवर फेकायचा, तोही बॅटर धावत पोचायच्या आत. बॉल उचलताना जरा चाचपडलं की संपलं. तिथे कोणी पाण्याच्या बाटल्या घेऊन उभा राहत नाही.

आणि जे त्याला काल फोनवर सांगायचं होतं, ते राहूनच गेलं. पेनसिल्व्हेनियातल्या त्या लहान कॉलेजात त्याला ॲडमिशन मिळाली आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या टेक्ससच्या युनिव्हर्सिटीतही मिळाली आहे, हे तर तुम्ही तुमच्या सगळ्या प्लेनो गावाला सांगितलंय. कुठे जायचं ते एक मेच्या आत कळवायचंय. त्या लहान कॉलेजच्या कोचना एक शॉर्टस्टॉप हवा आहे आणि ते चोवीस तारखेच्या शनिवारी ईशानची मॅच पाहायला येणार आहेत. ईशानला तिथेच जायचंय. इंजिनिअरिंग तिथेही शिकवतात, मी विचारून घेतलंय. पण तुमच्या "हो"शिवाय तो जाणार नाही.

ताईला नमस्कार. पत्र तुम्ही वाचलं नाहीत तरी चालेल. ती मोठ्यानं वाचून दाखवील, आणि ते तुम्हाला जास्त लागेल.

तुमचा धाकटा मेहुणा,
चारुदत्त


पार्सिपनी, ११ एप्रिल २००४

ती. भावोजी,

तुमचं उत्तर सुलेखाच्या मार्फत पोचलं. मी घरी नसताना फोन करायची तुमची युक्ती चांगली आहे. निरोप असा होता: "चारूला म्हणावं, संस्कृत पुरे. मॅच रनांवर जिंकतात. अडवून अडवून कोणी जिंकलेलं मी पाहिलं नाही. आणि ईशानला म्हणावं, बॅट धर, नाहीतर बॅग भर."

शेवटचं वाक्य सुलेखानं दोनदा सांगितलं. तिला ते आवडलेलं दिसलं. मला आवडलं नाही.

लहानपणी संस्कृत शिकवणारे आमचे गुरुजी सांगत, की समोरच्याचा पक्ष त्याच्यापेक्षाही चांगला मांडता आला तरच तो खोडायचा अधिकार मिळतो. तेव्हा आधी तुमची वकिली करतो. पूर्वी इथे शॉर्टस्टॉप म्हटलं की बारीक, चपळ माणूस असे. त्यानं बॉल अडवावा, बॅटिंगमध्ये लाज राखावी, एवढीच अपेक्षा. आता त्याच जागी धिप्पाड गडी येऊन बॉल कुंपणापार टोलवतात, आणि त्यांनी दोनचार बॉल सोडले तर लोक कुरकुरतही नाहीत. माझ्या ऑफिसातला रवी दिवसभर एक्सेलमध्ये हेच करतो. म्हणजे कंपनीचं काम उरकल्यावर, असं तो म्हणतो. त्याचं मत, "चारुदत्तकाका, भारी फिल्डर वर्षात जेवढे रन वाचवतो, त्याच्या दुप्पट रन भारी बॅटर करून देतो. डेटा आहे यार." मी म्हटलं, दाखव. त्यानं दाखवला. मला खोडता आला नाही.

मग मी त्याला विचारलं, "वाचवलेले रन तू मोजलेस कसे?"

तो म्हणाला, "एरर्स बघायचे ना. ज्याच्या चुका कमी, तो चांगला."

इथे त्याचा डेटा गडगडतो, भावोजी. चूक कोणाच्या नावावर लागते? जो धावत जाऊन बॉलपर्यंत पोचतो आणि मग सोडतो, त्याच्या. जो जागचा हललाच नाही, त्याच्या शेजारून बॉल गेला तर लोक म्हणतात, "वा, काय फटका मारला!" आळशी माणसाची पाटी कोरी राहते आणि धडपडणाऱ्याची भरते. शाळेच्या मैदानावरच्या फलकावर रनांचा रकाना आहे, फटक्यांचा आहे, चुकांचा आहे. अडवलेल्याचा नाही. तो कसा असेल? जे घडलंच नाही ते लिहिणार कुठे?

तुम्ही संस्कृत पुरे म्हणालात, पण एवढं एक ऐकून घ्या. मीमांसक कर्मांचे प्रकार सांगतात. काही कर्मं फळाच्या इच्छेनं करायची, यज्ञ केला की स्वर्ग. आणि काही नित्यकर्मं. ती केली म्हणून वेगळं पुण्य पदरात पडत नाही, चुकवली तर मात्र दोष लागतो. तुमची बॅटिंग पहिल्या प्रकारातली, ईशानची फिल्डिंग दुसऱ्या. मीही गेली कित्येक वर्षं विमा कंपनीचे जुनाट प्रोग्रॅम सांभाळतोय. ते सुरळीत चालतात तोवर मी कोण हे आमच्या मजल्यावरही कोणाला ठाऊक नसतं. पण तो विषय नाही.

तुम्ही नागपुरात कॉलेजकडून ओपनिंगला जात होतात, हे मला माझ्या ताईच्या लग्नापासून ठाऊक आहे, कारण लग्नातच तुम्ही मला पहिल्यांदा सांगितलंत. तुम्ही केलेले त्रेसष्ट रन मला पाठ आहेत. पण तुम्ही फिल्डिंगला कुठे उभे असायचात, हे तुमच्या तोंडून कधी ऐकलं नाही. ताईनं सांगितलं. स्लिपमध्ये, कारण तिथे पळावं लागत नाही. आपल्याकडे फिल्डिंग म्हणजे बॅटिंगचा नंबर येईपर्यंत उन्हात काढायची शिक्षा. गल्लीत ज्याला खेळता येत नाही त्याला "जा रे, लांब उभा राहा" म्हणायचं. तुम्ही ईशानकडे त्याच डोळ्यांनी पाहताय. त्याचा खेळ तुम्ही एकदाही पाहिलेला नाही. चोवीस तारखेला या. एकदाच, डोळ्यांनी पाहा. मग बॅग भरायला मी स्वतः मदत करीन.

तुमचा,
चारुदत्त


पार्सिपनी, १८ एप्रिल २००४

भावोजी,

नमस्कार उभ्यानंच. आज वाकायची इच्छा नाही.

तुम्ही येताय हे ऐकून मी सुलेखाला शिरा करायला सांगणार होतो. तेवढ्यात कोच बर्कनी मला पार्किंगमध्ये गाठलं. तुम्ही त्यांना थेट फोन केलात! "माझ्या मुलाला बॅटिंग मिळाली नाही तर मी त्याला संघातून काढून घेईन, तो अजून अठराचा नाही, माझ्या संमतीशिवाय त्याला खेळता येणार नाही," असं सांगितलंत. कोच मला म्हणाले, "ही वॉज व्हेरी पोलाइट." म्हणजे तुम्ही ऑफिसातल्या तुमच्या व्हाइस प्रेसिडेंटच्या आवाजात बोललात.

आता काय झालंय ते नीट समजून घ्या. ईशान बॅटिंग करणार असेल तर ती सवलत संपली. म्हणजे त्याच्या जागी बॅटिंग करणाऱ्या माइक पालुंबोला खेळताच येणार नाही. त्याचा गुडघा माझ्यापेक्षा वाईट आहे, त्याला मैदानात कुठेच उभं करता येत नाही. पण बॉल असा मारतो, की पलीकडच्या पार्किंगमधले लोक गाड्या हलवतात. कोचपुढे दोनच वाटा होत्या. ईशानला जाऊ द्यायचं आणि पालुंबोला ठेवायचं, किंवा पालुंबोला बाकावर बसवून ईशानच्या हातात बॅट द्यायची.

त्यांनी पालुंबोला बसवलं.

भावोजी, रवीच्या एक्सेलला, तुमच्या रनांना आणि माझ्या मीमांसेला मिळून जे ठरवता आलं नाही, ते त्या माणसानं एका मिनिटात ठरवलं. आपला सर्वांत मोठा फटकेबाज त्यानं सोडला, पण शॉर्टस्टॉप सोडला नाही. आणि मजा अशी, की हा तुमचा विजय झाला. ईशान बॅटिंग करणार.

रोज संध्याकाळी ईशान मागच्या अंगणात बॅट फिरवतो. तळहाताला फोड आलेत. मी म्हटलं, "अरे, पुरे कर."

"मामा, इट्स फाइन. ही'ज फ्लाइंग ऑल द वे. एक तरी हिट पाहिजे."

"आणि पालुंबो?"

"ही वॉज कूल अबाउट इट," तो म्हणाला. मग पुन्हा एकदा बॅट फिरवून म्हणाला, "नॉट रिअली."

शुक्रवारी न्यूअर्कच्या विमानतळावर घ्यायला येतो. गाडीत बेसबॉलवर बोलायचं नाही, अशी सुलेखाची अट आहे. ताईची खुशाली विचारीन, तुम्ही हवेवर बोला.

चारुदत्त


पार्सिपनी, २५ एप्रिल २००४

ती. भावोजी,

सकाळी तुम्हाला विमानतळावर सोडून आलो आणि लगेच लिहायला बसलो. गाडीत बोलता आलं असतं. पण तुम्ही इतके खूश होतात, की मला तोंड उघडवेना. आणि दुसरंही कारण होतं. ईशाननं मला शपथ घातली होती. ती मी आता मोडतोय.

तुम्ही आत्तापर्यंत ताईला सांगितलं असेल, की पोरानं हिट मारली. मारली, बॉल टोलवून पहिला बेस गाठला, मान्य आहे. चांगली नव्हती. बॅटच्या मुठीजवळ लागून बॉल दोघा फिल्डरांच्या मधे मेल्यासारखा पडला, पण हिट ती हिट. तुम्ही उठून उभे राहिलात, शिटी वाजवलीत. तुम्हाला शिटी वाजवता येते हे मला माहीत नव्हतं. ईशाननं पहिल्या बेसवरून स्टँडकडे पाहिलं, तेव्हा त्याचा चेहरा तुम्हाला तितक्या लांबून दिसला का, ठाऊक नाही. मला दिसला. म्हणून तर कालपासून गप्प होतो.

मॅच आपण हरलो, हे तुमच्या ध्यानात आलं होतं का? एका रननं. शेवटच्या डावात दोघं बेसवर थांबलेले असताना ईशानचा नंबर आला आणि तो सोपा झेल देऊन बाद झाला. तुम्ही म्हणालात, "होतं असं. तीनात एक हिट, वाईट नाही." पालुंबो असता तर त्यानं मारलाच असता, असं मी म्हणत नाही. तो बाकावर बसून बूट पाहत होता, एवढंच सांगतो.

पण मला बोलायचंय ते मधल्या डावाबद्दल. त्यांचा एक गडी पहिल्या बेसवर होता आणि तो उंच मुलगा बॅटिंगला आला होता. त्यानं पिचरच्या डोक्यावरून सणसणीत बॉल मारला, थेट मैदानाच्या मधोमध. ईशाननं तो एका टप्प्यावर छातीशी घेतला, दुसऱ्या बेसवर पाय ठेवला, पहिल्याकडे फेकला, एकाच बॉलवर दोघे बाद. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही चिप्स खात होतात. म्हणालात, "हा काय, सरळ त्याच्याकडेच आला."

भावोजी, बॉल त्याच्याकडे आला नव्हता. तो आधीच तिथे जाऊन उभा होता.

शॉर्टस्टॉप तिथे उभा नसतो. बॅटरच्या मागे बसणाऱ्या आपल्या कॅचरनं पिचरला कुठला बॉल टाक म्हणून खूण केली, ती ईशाननं लांबून वाचली. त्या उंच मुलाची बॅट आधीच्या बॉलवर उशिरा येत होती, तेही त्यानं पाहिलं होतं. तो गुपचूप डावीकडे सरकला, आणि सरकला हे कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून अगदी शेवटच्या क्षणी. मला तरी कुठे कळलं होतं? मलाही वाटलं, नशीब. कळलं ते नंतर, पार्किंगमध्ये. तुम्ही पालुंबोच्या वडिलांना ईशानच्या हिटचं वर्णन करून सांगत होतात (पालुंबोच्या वडिलांना, भावोजी!), तेव्हा कॉलेजचे ते कोच माझ्याजवळ आले. टोपीतले, बुटके, बोलताना सूर्यफुलाच्या बिया थुंकणारे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मधल्या डावात तिकडे सरक, असं त्याला कोणी सांगितलं होतं?"

मी ईशानला हाक मारली. तो म्हणाला, "नोबडी. आय जस्ट सॉ इट."

कोचनी मान डोलावली. म्हणाले, "बॅटिंग मी शिकवू शकतो, थोडीफार. हे मला कोणालाच शिकवता आलेलं नाही." आणि संघात जागा देऊन टाकली. तिथेच, पार्किंगमध्ये, तुमच्यापासून चार गाड्यांवर. पहिलं वर्ष तो शेवटच्या डावांत फक्त फिल्डिंगला उतरेल, बॅटिंगचा नंबर आला तर त्याच्या जागी दुसरा कोणी येईल, हेही त्यांनी स्वच्छ सांगितलं.

तेवढ्यात तुम्ही आलात, त्यांचा हात हातात घेतलात आणि म्हणालात, "यू सॉ हिज हिट?"

ते क्षणभर ईशानकडे पाहत राहिले. ईशाननं डोळ्यांनीच काहीतरी सांगितलं. मग ते म्हणाले, "येस सर, आय सॉ इट."

रात्री जेवताना तुम्ही म्हणत होतात, की बॅट हातात दिली म्हणून कॉलेजनं घेतला, शाळेच्या कोचला मीच वठणीवर आणला, आता जाऊ दे त्याला तिकडेच. मी तोंड उघडलं. ईशाननं टेबलाखालून माझ्या दुखऱ्या गुडघ्यावर लाथ मारली. मग भांडी घासताना म्हणाला, "लेट हिम हॅव इट, मामा. प्लीज. ही वॉज सो हॅपी. शपथ."

"पण अरे, खोटं आहे ते."

"सो? आय नो व्हॉट आय डिड."

भावोजी, तुमचा मुलगा फार मोठ्या मनाचा आहे. मी नाही. मला हे सहन होत नाही, की तुम्ही हजारावर मैल उडून आलात, पोराचा खेळ सुरू असताना पहिल्या रांगेत बसलात, आणि त्यानं केलेली सर्वांत मोठी गोष्ट तुमच्या समोरून गेली ती चिप्स खाताना. मी तुम्हाला तीन पत्रं लिहिली, शास्त्रं काढली, आणि शेवटी तुम्ही मान्य केलंत ते काय, तर एक चुकून पडलेली हिट. तुमच्याशी वाद जिंकावासा वाटण्याचं माझं वय गेलं. पण हे चुकीच्या कारणानं जिंकणं मला गिळवत नाही.

म्हणून आता कारण बदलून, पुन्हा एकदा ठरवा. त्याची बॅटिंग वाईट आहे आणि बहुतेक वाईटच राहील. पहिलं वर्ष तो बॅट हातात धरणार नाही. तुमच्या मित्रांनी विचारलं तर सांगायला तुमच्याकडे एकही आकडा नसेल. हे सगळं माहीत असूनसुद्धा तुम्ही "जा" म्हणालात, तर ते खरं "जा". हिटवरचं "जा" त्याला पुरणार नाही. पहिल्याच सुट्टीत तुम्ही विचाराल आणि तो पुन्हा फोडांचे हात घेऊन अंगणात उभा राहील.

पत्र गुरुवारपर्यंत पोचेल. शनिवारी एक मे. मी शपथ मोडली हे त्याला आज रात्री सांगणार आहे. तो चिडेल, बोलणार नाही, त्याची मला सवय आहे. पण गुरुवारपासून तो फोनच्या आसपासच घुटमळत राहील, पुस्तक उघडं ठेवून, न वाचता.

तुम्ही फोन करा. माझ्यावर ओरडायचं असेल तर तेही करा, पण नंतर. फोन वाजला तर तो मी उचलणार नाही, सुलेखाही नाही. तुम्ही "हॅलो, चारू" म्हणालात तर पलीकडे तो असेल.

चारुदत्त